जीपीएस, सरकारी गाडी आणि इंधनाचा हिशेब

सन २०१२ मधील गोष्ट आहे. मी तेव्हा गुवाहाटीला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होतो. एका सकाळी टेबलावर एक पातळशी फाइल आली. विषय होता कार्यालयाच्या डिझेल गाडीचा. गाडी विकत घेतली तेव्हा चाचणी घेऊन लिटरमागे १२ किलोमीटर हे प्रमाण ठरवले होते. गेले चार महिने ते ९ च्याही खाली आले होते. गॅरेजने गाडीत दोष नसल्याचा दाखला दिलेला. लेखा शाखेने हिशेब मांडला होता: महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर, म्हणजे १२५ लिटर पुरायला हवे, प्रत्यक्षात १६९ लिटर लागले. सबब दरमहा ४४ लिटर ‘जादा’. चार महिन्यांचे मिळून आठ हजारांच्या आसपास रक्कम होत होती, आणि ती चालकाच्या पगारातून वसूल करावी असा प्रस्ताव होता. डिझेल कोणी चोरले असे फाइलमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते. तसे लिहिण्याची गरजही नव्हती. सरकारी टिपणीची भाषा ज्यांना वाचता येते त्यांना न लिहिलेलेही वाचता येते.

माझी सही झाली असती तर प्रकरण तेथेच संपले असते. त्या सहीपूर्वी मी काय केले आणि त्यातून मला काय समजले, ते आज इतक्या वर्षांनी लिहावेसे वाटले. सरकारी गाड्यांत आता उपग्रहाधारित यंत्रे सर्रास बसू लागली आहेत, आणि इंधनबचतीचे श्रेय त्यांना आगाऊ देऊन टाकण्याची घाई मला सगळीकडे दिसते.

प्रथम लॉग-बुकाविषयी. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडी निघतानाचे मीटर, परत आल्यावरचे मीटर, कुठून कुठे, कोणत्या कामासाठी, आणि शेवटी ती वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही, इतकेच रकाने असतात. महिनाअखेर एकूण किलोमीटरना एकूण लिटरनी भागायचे. जो आकडा येतो त्याला आपण ‘ॲव्हरेज’ म्हणतो. आता भागाकाराचा गुण असा की तो दोन मोठ्या संख्यांचे एका छोट्या संख्येत रूपांतर करतो, आणि दोष असा की त्या रूपांतरात कारणे गळून पडतात. ॲव्हरेज कमी आले एवढेच लॉग-बुक सांगते. घाट चढल्याने आले, गर्दीत अडकल्याने आले, टायरमध्ये हवा कमी असल्याने आले की टाकीतून डिझेल काढल्याने आले, हे ते सांगत नाही. आणि कारण सांगता येत नसले की प्रशासनाची नजर आपोआप सर्वांत खालच्या माणसाकडे वळते.

त्याच सुमारास मी स्वतःच्या पैशांनी एक मार्गदर्शक यंत्र घेतले होते. गाडीच्या काचेला चिकटवायचे, तळहाताएवढ्या पडद्याचे. ईशान्येत मी नवा होतो आणि रस्ते समजून घेण्याची हौस होती. जीपीएस ही मुळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याची व्यवस्था. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत पकडून आपले स्थान काढायचे, हे तिचे सूत्र. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळली जात असे, त्यामुळे स्थान शंभरेक मीटरनी चुकू शकत होते. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढून टाकली गेली आणि मोटारीत हे यंत्र उपयोगाचे झाले. आज भारताची स्वतःची ‘नाविक’ प्रणालीही आहे. तिच्या पहिल्या मालिकेतील सातवा उपग्रह एप्रिल २०१६ मध्ये सोडला गेला.

रस्ता दाखवणे हे या यंत्राचे मुख्य काम. परंतु त्याच्या आत एक दुर्लक्षित पान असते, प्रवासाच्या माहितीचे. त्यावर एकूण अंतर, सर्वाधिक वेग, चालण्याचा वेळ आणि थांबलेला वेळ असे आकडे साठत जातात. आमच्या गाडीत चावी फिरवून गाडी बंद केली की खोबणीतला वीजपुरवठा थांबे आणि यंत्रही आपोआप बंद होई. म्हणजे ‘थांबलेला वेळ’ या शब्दांचा आमच्यापुरता अर्थ नेमका होता: चावी चालू, चाके स्थिर.

मी चालकाला बोलावले. आसामी गृहस्थ, वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी पंचवीस वर्षांची. फाइलची कुणकुण त्यांना लागलेली होतीच. मी म्हटले, एक महिना हे यंत्र गाडीत राहू द्या, आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ गाडी थांबली तर कुठे आणि कोणासाठी एवढे एका वहीत लिहा. ते काही क्षण गप्प राहिले. यंत्र आपल्यावर पहारा ठेवायला आणले आहे असे त्यांना वाटले असणार, आणि तसे वाटणे साहजिक होते. मग म्हणाले, “लिखूँगा साब. सबका नाम लिखूँगा?” मी म्हटले, सगळ्यांचे लिहा. त्या प्रश्नाचा अर्थ मला महिन्याने कळला.

महिन्याभरात जे दिसले त्यातल्या लहान गोष्टी आधी सांगतो.

गाडीचे मीटर खोटे नव्हते. सरळ रस्त्याच्या लांब पट्ट्यावर यंत्राचे अंतर आणि मीटरचे अंतर जवळजवळ जुळले. वळणांच्या रस्त्यावर यंत्र किंचित कमी अंतर दाखवते, कारण ते ठरावीक काळाने घेतलेले बिंदू सरळ रेषांनी जोडते. ही त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी.

दुसरी गोष्ट मार्गाची. विमानतळ शहराच्या पश्चिमेला बोरझारला. आमचे कार्यालय पूर्वेकडे, खानापाड्याच्या बाजूला. यंत्राला ‘सर्वांत जवळचा मार्ग’ विचारला की ते शहराच्या पोटातून, बाजारपेठेतून जायला सांगे. चालक बाहेरच्या महामार्गाने जालुकबारीपर्यंत जात. किलोमीटर थोडे जास्त, म्हणून लॉग-बुकात तो मार्ग ‘लांबचा’ ठरून एकदा त्यांना जाबही विचारला गेला होता. पण इंधन किलोमीटरच्या प्रमाणात जळत नाही. सुमारे दोन टन वजनाची भरलेली गाडी थांबून पुन्हा ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला आणायची तर गणिताने साधारण २० मिलिलिटर डिझेल लागते, आणि तो वेग पुढच्याच सिग्नलला ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जातो. बाजारातून जाताना असे पंचवीस-तीस वेळा झाले तर अर्धा लिटर तेथेच संपला. जवळचा मार्ग, लवकरचा मार्ग आणि कमी इंधनाचा मार्ग हे तीन वेगळे मार्ग असू शकतात. चालकाला हे अनुभवाने ठाऊक होते. यंत्राला त्या काळी ठाऊक नव्हते, आणि लेखा शाखेला तर नव्हतेच.

तिसरी गोष्ट चढाची. महिन्यातून एकदा तरी बैठकीसाठी शिलाँगला जावे लागे. अंतर सुमारे १०० किलोमीटर. गुवाहाटी समुद्रसपाटीपासून जेमतेम ५५ मीटरवर, शिलाँग १,५०० मीटरच्या आसपास. बोरघाट ज्यांनी पाहिला आहे त्यांनी त्याच्या दुपटीहून अधिक चढ डोळ्यांपुढे आणावा. दोन टनांची गाडी एवढी उचलायला जी ऊर्जा लागते ती इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर अडीच लिटरहून थोड्या जास्त डिझेलची होते. म्हणजे सपाट रस्त्यावर जेथे आठ-साडेआठ लिटर पुरले असते तेथे जाताना अकरा लागणार, आणि प्रमाण १२ वरून ९ वर उतरणार. उतरताना यातले काही परत मिळते. सगळे मिळत नाही, कारण वळणावर ब्रेक लावावेच लागतात. बारा हा आकडा सपाटीवरच्या चाचणीचा होता. तो डोंगराला लावणे हा चालकाचा अपराध नव्हता.

चौथी गोष्ट वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग इंधनाच्या दृष्टीने उत्तम, असे पेट्रोलियम संवर्धन अनुसंधान संघ कित्येक वर्षे सांगत आला आहे. आमचे चालक बहुधा त्याच पट्ट्यात असत. यंत्राने ताशी ८० च्या पुढचे जे चार-पाच प्रसंग नोंदवले ते सगळे विमान गाठायचे होते तेव्हाचे. आणि उशीर चालकामुळे झालेला नव्हता.

आता मोठी गोष्ट. महिनाअखेर यंत्राच्या पानावर चालण्याचा वेळ होता ५२ तास आणि थांबलेला वेळ ५१ तास. मी आकडा दोनदा वाचला. गाडी जितका वेळ चालली जवळजवळ तितकाच वेळ एका जागी उभी राहून जळत होती. वही उघडली. सिग्नल आणि वाहतुकीतले खोळंबे वगळता ४४ तास उरत होते. वातानुकूलन चालू ठेवून उभ्या असलेल्या अशा डिझेल गाडीला तासाला साधारण एक लिटर लागते असे धरले, तर हे झाले ४४ लिटर. फाइलमधला ‘जादा’ आकडा हाच होता.

मी चालकांना विचारले, “गाडी इतका वेळ उभी होती, मग बंद का नाही केलीत?” त्यांनी दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. “गाडी खड़ा था साब, इंजन खड़ा नहीं था. ठंडा रखने का ऑर्डर है.”

ऑर्डर कोणाची? कागदावर कोणाचीच नव्हती. पद्धत अशी होती की साहेब निघणार असे वाटले की स्वीय सहायक खाली फोन करी, ‘साब निकल रहे हैं’. चालक गाडी पोर्चमध्ये आणी, एसी लावी. साहेब उठता उठता एक फोन येई, कोणी एक फाइल घेऊन आत शिरे, आणि साहेब पंचवीस मिनिटांनी खाली उतरत. गुवाहाटीच्या दमट उन्हाळ्यात त्यांना थंड गाडी मिळे. दिवसातून दोनदा असे झाले की तास गेला. वहीतल्या ४४ तासांपैकी १९ तास या सदरात होते, आणि ते साहेब म्हणजे मी. आणखी १४ तास बाहेरून आलेल्या वरिष्ठ पाहुण्यांसाठी विमानतळावर आणि विश्रामगृहाबाहेर ताटकळण्याचे. उरलेले ११ तास अशा थांब्यांचे, की ज्यांच्यापुढे लॉग-बुकात ‘कार्यालयीन काम’ एवढेच लिहिलेले होते आणि वहीत एका बाजारपेठेचे नाव होते.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. जो निर्णय घेतो त्याला किंमत मोजावी लागत नाही आणि जो किंमत मोजतो त्याच्या हाती निर्णय नसतो, तेथे अपव्यय होणारच, हे मी परीक्षेत चांगल्या गुणांनी लिहिले होते. आपल्याच पोर्चमध्ये ते रोज दोनदा घडत असताना मला दिसले नाही. इंजिन चालू ठेवण्याचा लाभ मला होता, डिझेल सरकारचे होते, आणि वसुली चालकाकडून होणार होती. त्या काळी डिझेलची किंमतही सरकारच ठरवत असे. ती ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारावर सोपवली गेली. त्यामुळे लिटरची खरी किंमत कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती.

फाइलवर मी लिहिले की जादा वापराचे कारण स्पष्ट झाले आहे, त्यास चालक जबाबदार नाही, वसुलीचा प्रस्ताव रद्द करावा. सोबत वहीतला गोषवारा जोडला, माझ्या १९ तासांसह. लेखा शाखेतील एका सहकाऱ्याने हलक्या आवाजात सुचवले, “सर, ते तासांचे विवरण जोडायची आवश्यकता आहे का?” मोह मलाही झाला होता. परंतु ते काढले असते तर उरलेल्या कागदाला अर्थ राहिला नसता.

त्यानंतर तीन साध्या सूचना काढल्या. पहिली, अधिकारी प्रत्यक्ष पोर्चमध्ये आल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही. दुसरी, दोन मिनिटांहून जास्त थांबा असेल तर गाडी बंद. तिसरी, दुसऱ्या दिवशीची शहरातली कामे आदल्या संध्याकाळी एकत्र लिहून एका फेरीत करायची. पण यात एक अडचण होती, आणि ती चालकांनीच दाखवली. गाडी बंद करून उन्हात बसायचे तरी कुठे? एसी लावून बसणे ही केवळ साहेबांची सोय नव्हती. त्या माणसालाही दुसरी जागा नव्हती. म्हणून तळमजल्यावरची भंगार ठेवायची खोली रिकामी करून तेथे बाकडे, पाण्याचा माठ आणि छताचा पंखा बसवला. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. तेवढ्या युनिटांत ७५ वॅटचा पंखा १३० तास फिरतो. आणि आम्ही तो लिटर एका तासात जाळत होतो.

पुढच्या तीन महिन्यांत गाडीचे प्रमाण ११ च्या पुढे गेले. उरलेली तूट शिलाँगच्या घाटाची होती आणि तिला आमचा इलाज नव्हता.

ही एका गाडीची गोष्ट. यावरून देशाचा हिशेब मांडण्याचा आव मी आणत नाही. पण आपण आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, हे वाचकांना माहीत आहे. पोर्चमध्ये जळणारा लिटर परकीय चलनातून येतो. आणि असे पोर्च देशात किती असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यंत्रे तेव्हापासून बरीच शहाणी झाली. अमेरिकेत गार्मिन या कंपनीने २००९ मध्येच आपल्या यंत्रात ‘इकोरूट’ नावाची सोय दिली होती. ती कमी इंधनाचा मार्ग सुचवे, आणि वेग, वेगवाढ व ब्रेक पाहून चालवणाऱ्याला गुणही देई. गूगलने २०२१ मध्ये अमेरिकेत इंधन वाचवणारे मार्ग नकाशात दाखवायला आरंभ केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारतासाठीही ही सोय जाहीर केली. अमेरिकेतील यूपीएस ही पार्सल पोचवणारी कंपनी मार्ग आखताना डावी वळणे शक्यतो टाळते, कारण तेथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि डावीकडे वळताना समोरची रहदारी थांबण्याची वाट पाहत इंजिन चालू ठेवावे लागते. आपल्याकडे हेच उजव्या वळणाला लागू आहे. ही सर्व ज्ञानाची भर आहे आणि मी तिचे स्वागत करतो.

मात्र दोन इशारे द्यावेसे वाटतात. एक, सर्वांनाच यंत्राने एकच आडरस्ता सुचवला तर तो आडरस्ता राहत नाही. प्रत्येकाने स्वतःपुरता उत्तम मार्ग निवडल्याने सर्वांचा मिळून उत्तम परिणाम होतोच असे नाही, हे वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये वाहतुकीच्या संदर्भात मांडले होते. दोन, वस्तूचा वापर काटकसरीचा झाला की एकूण खप घटतोच असेही नाही. कोळशाच्या बाबतीत जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच हे दाखवून दिले. गाडीचे प्रमाण सुधारले म्हणून जास्त फेऱ्या काढल्या तर बचत हवेत विरते. म्हणून फेऱ्या एकत्र करण्याची माझी तिसरी सूचना मला पहिल्या दोहोंपेक्षा मोलाची वाटते. सर्वांत कमी इंधन न झालेल्या प्रवासाला लागते.

आणि आता मूळ मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रवासी वाहतुकीच्या नव्या सार्वजनिक वाहनांत स्थान कळवणारे यंत्र आणि संकटकाळची कळ बसवणे १ जानेवारी २०१९ पासून आवश्यक झाले. हेतू मुख्यतः प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेचा. तो योग्यच आहे. त्याच सुमारास अनेक कार्यालयांनी आपल्या गाड्यांतही अशी यंत्रे बसवली. मी नंतर दिल्लीत ज्या एका कार्यालयात होतो तेथेही ती बसली. दरमहा छापील अहवाल येई: कोणत्या चालकाने वेगमर्यादा ओलांडली, कोण ठरलेल्या मार्गाबाहेर गेला, कोण कुठे विनापरवाना थांबला. शेवटच्या पानावर ‘इंजिन चालू, गाडी स्थिर’ असा एक रकाना होता. त्यावर कोणी कधी शेरा मारल्याचे मी पाहिले नाही. अहवालात चालकांची नावे असत. गाडी कोणाच्या दिमतीला होती ते नसे. आणि सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या गाड्या सुरक्षेच्या कारणास्तव या व्यवस्थेतून वगळलेल्या होत्या. म्हणजे पाहण्याचे साधन मिळाले, आणि आपण ते वरच्या मजल्यावरून खालीच रोखले.

असे झाले की पुढे काय होते तेही मी पाहिले. जे मोजले जाते तेवढेच सांभाळले जाते. चालकांनी वेग सांभाळला, ठरलेला मार्ग सांभाळला. समोर वाहतूक तुंबलेली दिसत असूनही ते मंजूर मार्गानेच जात, कारण वळसा घेतला तर खुलासा द्यावा लागे. गुवाहाटीच्या चालकाने जालुकबारीचा वळसा स्वतःच्या बुद्धीने घेतला होता. ती बुद्धी वापरणे आता दंडनीय झाले होते. बचतीसाठी आणलेल्या यंत्राने बचतीची सवयच मोडली.

हल्ली पुष्कळ कार्यालये गाडी विकत घेण्याऐवजी मासिक भाड्याने घेतात, ठरावीक किलोमीटर आणि तासांच्या करारावर. इंधन ठेकेदाराचे असते. काही मित्र म्हणतात की आता हा प्रश्नच उरला नाही. मला तसे वाटत नाही. उभ्या गाडीचे डिझेल आता ठेकेदाराच्या खिशातून जाते, म्हणून तो एकतर पुढच्या निविदेत ते भरून काढतो किंवा चालकाला दम देतो. साहेब आत बसून एसी मागतात आणि मालक फोनवर एसी बंद ठेवायला सांगतो. सापडतो पुन्हा तोच माणूस, फक्त आता तो सरकारी नोकरही नसतो.

तेव्हा माझ्या सूचना अशा:

१. गाडीच्या मासिक अहवालात ‘चाललेला वेळ’ आणि ‘उभी राहून जळालेला वेळ’ हे दोन आकडे शेजारी शेजारी असावेत. नुसते किलोमीटर-लिटर पुरेसे नाहीत.

२. उभ्या वेळेपुढे चालकाचे नव्हे, गाडी वापरणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव असावे. लॉग-बुकावर सही त्याची असते, तर हिशेबही त्याचाच असला पाहिजे.

३. इंधनाचे प्रमाण प्रदेशानुसार ठरवावे. डोंगर, दाट शहर आणि सपाट महामार्ग यांना एक आकडा लावणे अन्यायाचे आहे. ज्या महिन्यात घाटाचे दौरे झाले तो महिना वेगळा पाहावा.

४. चालकाला मार्ग निवडण्याची मोकळीक असावी. महिनाअखेर यंत्राच्या नोंदी त्याच्यासोबत बसून वाचाव्यात, त्याच्याविरुद्ध नव्हे.

५. प्रत्येक कार्यालयात चालकांना बसायला सावलीची जागा आणि पंखा असावा. इंधनबचतीची याहून स्वस्त योजना मला माहीत नाही.

६. कोणत्याही वसुलीच्या प्रस्तावासोबत ‘कारण काय’ हे लिहिलेले असावे. नुसत्या भागाकारावर माणसाला चोर ठरवू नये.

महाराष्ट्राबाहेर, देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत नोकरी करणारे अनेक मराठी अधिकारी हे वाचतात, त्यांना एक विनंती. आपल्या गाडीत असे यंत्र असेल तर आज त्यातले ते दुर्लक्षित पान उघडा आणि थांबलेला वेळ पाहा. यंत्र नसेल तर चालकाला एक वही द्या, आणि सगळ्यांची नावे लिहायला सांगा. तो विचारील, “सबका?” तेव्हा हो म्हणा.

माझी गुवाहाटीहून बदली झाली त्या दिवशी मला विमानतळावर सोडायला तेच चालक आले होते. बाहेरच्या महामार्गाने, जालुकबारीवरून. मी सामान उतरवून निरोप घेत होतो तेव्हा गाडी बंद होती.